गजनिमीलिका

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थी, पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत वाक्प्रचारांचे पान उघडून पाहावे. 'काणाडोळा करणे' याच्यापुढे अर्थ दिलेला असतो 'दुर्लक्ष करणे'. त्याखाली 'डोळेझाक करणे', अर्थ 'दुर्लक्ष करणे'. आणखी चार ओळी उतरल्या की 'कानाआड करणे' आणि 'डोळ्यांवर कातडे ओढणे' भेटतात, आणि समोर पुन्हा तेच 'दुर्लक्ष'. विद्यार्थी एवढे पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो, पूर्ण गुण मिळवतो. इंग्रजीच्या तासालाही याहून वेगळे काही घडत नाही. शहामृगाने वाळूत डोके खुपसणे असो की आंधळा डोळा वळवणे असो, मुलांच्या वहीत दोन्हींचा अर्थ एकाच शब्दात संपतो. गुण मिळतात, पण भाषेने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक बारकावा त्या शब्दाखाली गाडला जातो.

संकट समोर उभे असताना ते न पाहणे ही एकच क्रिया नव्हे. एखाद्याला ते खरोखरच दिसलेले नसते. दुसऱ्याला दिसलेले असते, पण त्याने ते न पाहण्याचे ठरवलेले असते. तिसऱ्याच्या डोळ्यांत पाहण्याचे बळच उरलेले नसते. यांना वेगळी नावे असावीत असे इंग्रजांनाही वाटले आणि आपल्या पूर्वजांनाही वाटले. त्या नावांची ही हकिकत आहे.

आरंभ शहामृगापासून करणे सोयीचे, कारण ही म्हण आता इंग्रजांची राहिलेली नाही. 'शहामृगी वृत्ती' हा शब्दप्रयोग मराठी अग्रलेखांत आणि विधानसभेतील भाषणांत इतका रुळला आहे की तो परक्या भाषेतून आला हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. पक्षी मात्र आपल्या भूमीला सर्वस्वी परका नाही. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे सापडले. त्यांतील एकावर माणसाच्या हाताने रेघांची नक्षी कोरलेली आहे, आणि तिचे वय सुमारे २५,००० वर्षे मानले जाते. म्हणजे मराठी भाषा जन्माला येण्यापूर्वी कितीतरी हजार वर्षे खानदेशातील माणूस या पक्ष्याला ओळखत होता. पुढे पक्षी या देशातून नाहीसा झाला, आणि परत आला तो शब्दाच्या रूपाने.

त्या शब्दाचीही गंमत आहे. भिलाईच्या मुलांना ती चटकन कळेल, कारण त्यांच्या एका कानावर मराठी आणि दुसऱ्यावर हिंदी पडत असते. हिंदीत या पक्ष्याला 'शुतुरमुर्ग' म्हणतात. फारसीत 'शुतुर' म्हणजे उंट आणि 'मुर्ग' म्हणजे पक्षी. उंटासारखा पक्षी, असे सरळ आणि नेमके वर्णन. मराठीच्या तोंडी मात्र त्या 'मुर्गा'चा 'मृग' झालेला दिसतो, आणि पक्ष्याला हरणाचे नाव चिकटले. एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या नावात पक्षी उरला नाही याचे कोणाला कधी वाईट वाटलेले नाही.

आता मूळ आरोपाकडे वळू. शहामृग वाळूत डोके खुपसतो का? खुपसत नाही. उंची ८ फुटांपर्यंत, वजन शंभर किलोंहून अधिक, धावण्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास आणि लाथ अशी की हिंस्र श्वापदानेही दोनदा विचार करावा, अशा प्राण्याला वाळूचा आसरा घेण्याचे कारण नाही. त्याचा डोळा सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा असतो. जमिनीवर वावरणाऱ्या कोणत्याही प्राण्याला एवढा मोठा डोळा नाही. म्हणजे न पाहण्याचे प्रतीक म्हणून माणसाने निवडला तो नेमका सर्वांत मोठ्या डोळ्यांचा प्राणी! शहामृगाचे घरटे म्हणजे जमिनीत उकरलेला उथळ खड्डा. त्यातील अंडी तो चोचीने फिरवत असतो, तेव्हा दुरून पाहणाऱ्याला त्याचे डोके जमिनीत गेल्यासारखे दिसते. धोका जाणवला तर कधीकधी तो मान जमिनीलगत लांबवून निश्चल पडून राहतो, आणि तेव्हा मातीच्या रंगाशी एकरूप झालेली मान दिसेनाशी होते. लोकांच्या गैरसमजाला एवढे पुरेसे झाले.

या समजुतीचे मूळ बहुधा रोमन ग्रंथकार प्लिनीपर्यंत पोचते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने निसर्गाविषयी जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्याच्या दहाव्या भागात शहामृगाच्या मूर्खपणाचे वर्णन आहे. मान झुडपात लपवली की आपले सर्व अंग लपले असे या पक्ष्याला वाटते, असे प्लिनी सांगतो. झुडपाची वाळू मागाहून झाली. हा प्लिनी स्वतः कसा होता, तर रोमन आरमाराचा अधिकारी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी जागा झाला तेव्हा लोक जीव घेऊन पळत होते. हा गृहस्थ जवळून पाहण्याच्या ओढीने आणि अडकलेल्यांना सोडवण्यासाठी जहाजे घेऊन त्या दिशेनेच गेला आणि तेथेच मरण पावला. डोळे मिटणाऱ्या पक्ष्याची कथा जगाला देणारा माणूस डोळे उघडे ठेवून गेला.

पक्ष्यावरचा अन्याय बाजूला ठेवला तरी या म्हणीत एक उणीव राहते. ती माणसाला मूर्ख ठरवते. आपण पाहिले नाही म्हणजे संकट नाही, असे खरोखर मानणारा माणूस विरळा. दूध पिताना डोळे मिटणारे मांजर मराठीत आहे, आणि कोंबडे झाकून पहाट थांबवू पाहणारी म्हातारीही आहे. पण या कथा हसण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष व्यवहारात जो टाळतो, त्याला काय टाळायचे आहे हे पक्के ठाऊक असते. म्हणून इंग्रजीतला दुसरा वाक्प्रचार, आंधळा डोळा वळवण्याचा, अधिक खोल जातो.

त्याची कथा समुद्रावर घडते. इंग्लंडचा दर्यासारंग होरेशिओ नेल्सन याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ साली कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथील वेढ्यात गेली. तोफगोळा जवळच आदळला आणि उडालेली खडी-माती डोळ्यात शिरली. डोळा वरून शाबूत दिसे. त्यावर काळी पट्टी बांधलेला नेल्सन चित्रपटांत दिसतो, खरा नेल्सन तशी पट्टी बांधत नसे. पुढे तीन वर्षांनी त्याचा उजवा हातही गेला. २ एप्रिल १८०१ रोजी डेन्मार्कच्या राजधानीसमोर, कोपनहेगनच्या बंदरात, इंग्रजी आणि डॅनिश तोफा एकमेकांवर आग ओकत होत्या. नेल्सन दुय्यम सेनापती म्हणून लढाईच्या ऐन मध्यात होता. मुख्य सेनापती सर हाइड पार्कर काही अंतरावर मागे होता. दुरून पार्करला लढाई हाताबाहेर चाललेली वाटली आणि त्याने ३९ क्रमांकाचा संकेत चढवला. अर्थ एकच: लढाई थांबवा.

नेल्सनच्या माणसांनी त्याला संकेत सांगितला. त्याने आपला संकेत, अधिक जवळून लढण्याचा, तसाच फडकत राहू द्यायला सांगितला. मग आपल्या कप्तानाकडे वळून तो म्हणाला की आपल्याला एकच डोळा आहे, तेव्हा कधीकधी आंधळे असण्याचा हक्कही आहे. आणि दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावून, खरेच, संकेत काही दिसत नाही, असे त्याने जाहीर केले. दुर्बिणीचा तपशील मागाहून रंगवला गेला असावा अशी शंका इतिहासकारांनी घेतली आहे. १८१३ साली निघालेल्या रॉबर्ट साउदीच्या नेल्सन-चरित्राने तो प्रसंग इंग्लंडमध्ये घरोघर पोचवला. वाक्प्रचाराचे शब्द तर नेल्सनच्याही आधीच्या इंग्रजीत सापडतात. पण शब्द आधी असले तरी त्यांना चेहरा मिळाला तो या एकाक्ष दर्यासारंगाचा.

नेल्सन जिंकला. काही आठवड्यांत पार्करला परत बोलावले गेले आणि आरमार नेल्सनच्या हाती आले. शाळेच्या पुस्तकांत कथा बहुधा येथे संपते, आणि मुले असा बोध घेऊन उठतात की शूराने आज्ञेकडे पाहू नये. त्या दिवसाचा आणखी एक मनुष्य मात्र पुस्तकांत सहसा भेटत नाही. लहान जहाजांच्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन एडवर्ड रिऊ याला तोच संकेत दिसला. त्याचे दोन्ही डोळे चांगले होते. आज्ञा पाळणे त्याला जड गेले, पण त्याने जहाजे वळवली. वळताना जहाजाची पाठ शत्रूच्या तोफांसमोर आली आणि रिऊ जागीच ठार झाला. ज्याने पाहिले नाही त्याला सन्मान मिळाला, ज्याने पाहिले त्याला मृत्यू आला. इतिहास नीतिकथेइतका सरळ चालत नाही, आणि मुलांना नेल्सन शिकवताना रिऊ वगळणे हाही एक प्रकारचा काणाडोळाच होय.

शब्द ओघाने आला. 'काणाडोळा' हा शब्द काही जण 'कानाडोळा' असा लिहितात आणि त्याचा संबंध कानाशी जोडतात. परंतु 'काणा' म्हणजे एका डोळ्याने अधू, हा अर्थ संस्कृत 'काण' या शब्दापासून चालत आला आहे, आणि ती व्युत्पत्ती अधिक पटण्यासारखी आहे. ती धरली तर नेल्सनच्या दुर्बिणीचा आणि मराठी आजीच्या काणाडोळ्याचा अर्थ अक्षरशः एक ठरतो. दोन भाषांची गाठ पडलेली नसताना दोघींना एकच प्रतिमा सुचली. दोन्हींत एक डोळा उघडा आहे, आणि तोच महत्त्वाचा. ज्याला काहीच दिसत नाही तो काणाडोळा करू शकत नाही. आधी पाहावे लागते, मगच न पाहिल्यासारखे करता येते. 'दुर्लक्ष' या शब्दात हे कोठेच येत नाही. बेसावधपणे घडते तेही दुर्लक्षच.

संस्कृताने याहून मोठा प्राणी निवडला. कोशांत 'गजनिमीलिका' असा शब्द आहे. निमीलन म्हणजे डोळे मिटणे. हत्ती उभ्याउभ्या डोळे अर्धवट मिटून घेतो. समोर काय चालले आहे ते त्याला कळत असते, पण त्याच्या मुद्रेवर काही उमटत नाही. जाणूनबुजून न पाहिल्याचा आव आणणे, हा त्या शब्दाचा अर्थ. शहामृगाच्या म्हणीत भय आणि मूर्खपणा आहे. या शब्दात सामर्थ्य आहे, आणि म्हणूनच तो अधिक भेदक आहे. दुबळा माणूस संकट पाहून घाबरतो. ज्याच्या हाती काही करणे असते, तो गजनिमीलिका करतो. योगायोग असा की कोपनहेगनच्या लढाईत नेल्सन ज्या जहाजावरून लढत होता, त्याचे नाव 'एलिफंट' होते. हत्तीवर बसून केलेली अशी गजनिमीलिका इतिहासात दुसरी नसेल!

हत्तीचा विषय निघाला म्हणून आणखी एका वाक्प्रचाराचा उल्लेख करायला हवा. खोलीत हत्ती उभा आहे आणि कोणी त्याचे नाव काढत नाही, अशी एक प्रतिमा अलीकडच्या इंग्रजीत फार चालते. तिच्याशी नाते सांगणारी एक रशियन कथा आहे. इव्हान क्रिलोव्हने १८१४ च्या सुमारास लिहिलेल्या त्या बोधकथेत एक जिज्ञासू गृहस्थ प्राण्यांच्या संग्रहालयातून परत येतो आणि टाचणीच्या डोक्याहून लहान अशा किड्यांची रसभरित वर्णने करतो. मित्र विचारतो, हत्ती कसा वाटला? गृहस्थ म्हणतो, हत्ती काही नजरेस पडला नाही. रशियन भाषेत ही कथा म्हणीसारखी वापरली जाते. भिलाईला रशियन शब्दांचे अप्रूप नसावे. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत अभियंते येथे आले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले तेव्हाही ते येथे होते, आणि या गावातील जुन्या पिढीला त्यांचे 'स्पासिबा' अजून आठवते.

हीरक महोत्सवाच्या या मंडपातही तो हत्ती आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांत पटावरची नावे वर्षागणिक कमी होत आहेत. गौरवाच्या भाषणांत शाळेच्या इमारतीचे, बक्षिसांचे, जुन्या शिक्षकांच्या हस्ताक्षराचे प्रेमाने वर्णन होते, म्हणजे किडे बारकाईने पाहिले जातात. भाषण संपल्यावर वक्ता ज्या नातवाचे बोट धरून घरी जातो, तो नातू इंग्रजी माध्यमात शिकत असतो. यात पालकांना दोष देण्याजोगे काही नाही. नोकऱ्या कोणत्या भाषेत मिळतात हे भिलाईच्या माणसाला कोणी शिकवायला नको. परंतु त्याविषयी मंडपात कोणी बोलत नाही, आणि न बोलल्याने प्रश्न सुटण्याची वाट पाहिली जाते. मराठी माध्यमातच इंग्रजी उत्तम शिकवता येईल का, शाळेत मराठी हा निदान एक विषय म्हणून कसा टिकेल, असे प्रश्न आधी हत्तीचे नाव काढले तरच विचारता येतात.

काणाडोळ्याची निंदा एवढी झाली की त्याची थोरवीही सांगायला हवी. प्रत्येक काणाडोळा वाईट असता तर आजी नावाची संस्थाच उभी राहिली नसती. डब्यातला लाडू कमी झालेला तिला कळतो, नातवाच्या ओठावरचा कण दिसतो, आणि ती चुलीकडे तोंड फिरवते. चांगला शिक्षक वर्गात काही गोष्टी पाहत नाही: गणवेशाच्या बाहीवरचे ठिगळ, डबा न आणलेल्या मुलाचे मधल्या सुट्टीत नळाशी रेंगाळणे, पहिल्यांदाच फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुलीच्या आवाजातला कंप. तो ठिगळ पाहत नाही आणि पुढच्या आठवड्यात त्या मुलाला कोणाच्या नकळत नवा गणवेश मिळतो. डब्याविषयी तो प्रश्न विचारत नाही, पण त्या मुलाला मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत आपल्या शेजारी बसवतो. या न पाहण्याची किंमत पाहणाराच मोजत असतो. कोपनहेगनला नेल्सननेही जोखीम स्वतःच्या मानेवर घेतली होती. पराभव झाला असता तर त्याच्यावरच आज्ञाभंगाचा खटला चालला असता. वाईट काणाडोळ्यात ती किंमत मोजायला दुसराच कोणी पुढे ढकललेला असतो, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसते.

तिसरा प्रकार आरंभी सांगितला तो, पाहण्याचे बळ न उरलेल्यांचा. त्याचे उदाहरण भिलाईपासून फार दूर नाही. बिलासपूरच्या उत्तरेस रतनपूर ही छत्तीसगडच्या हैहयवंशी राजांची जुनी राजधानी. १७४१ च्या अखेरीस नागपूरकर रघुजी भोसल्यांचा सेनानी भास्करपंत मोठे घोडदळ घेऊन या प्रदेशात शिरला. रतनपूरचा राजा रघुनाथसिंह तेव्हा वृद्ध झाला होता आणि त्याचा मुलगा वारला होता. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनी नोंदवले आहे की पुत्रशोकाने खचलेल्या या राजाने सुमारे वर्षभर राज्यकारभारात लक्षच घातले नव्हते. फौज आली, वेशीशी उभी राहिली, तरी राजाने प्रतिकाराचा प्रयत्न केला नाही. तोफांच्या माऱ्याने राजवाड्याचा काही भाग कोसळला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखवले. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसवला गेला आणि खजिना लुटला गेला.

छत्तीसगडात मराठी सत्तेचे पहिले पाऊल पडले ते असे, आणि मराठी शाळेतील मुलांना ते असेच सांगितले पाहिजे. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार केला, मोडी लिपी आणि मराठी भाषा येथे रुजली, हे खरे. लाख रुपयांचा दंड आणि लुटलेला खजिना हेही तितकेच खरे. भास्करपंताचा शेवट तर याच विषयाच्या वहीत नोंदवण्याजोगा आहे. १७४४ साली बंगालच्या अलीवर्दीखानाने त्याला वाटाघाटीसाठी छावणीत बोलावले. संशयाला पुरेशी जागा होती. तो गेला आणि तेथे मारला गेला.

रघुनाथसिंहाला शहामृग म्हणणे क्रूर होईल. त्याला काणाडोळा करणारा म्हणणेही चुकीचे, कारण त्याने काही ठरवून टाळले नव्हते. त्याच्या डोळ्यांसमोर एकच मृत्यू होता, आणि त्याच्यापलीकडे येणारी फौज त्याला दिसू शकत नव्हती. निशाण राणीने दाखवले. तिचे नाव इतिहासाने जपले नाही. मुलगा तिचा होता की सवतीचा, हेही आपण जाणत नाही. घरातले दुःख तिच्याही वाट्याला आलेच असणार. तरी पडत्या भिंतीवर चढून खाली पाहिले तिने.

दुःखाने, भीतीने आणि लाजेने मिटलेले असे डोळे आज घरोघर आढळतात, आणि एका आजाराच्या बाबतीत ते विशेष आढळतात. त्याचे नाव सिकलसेल. छत्तीसगडात आणि पलीकडे गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर अशा विदर्भाच्या जिल्ह्यांत, म्हणजे भिलाईच्या अनेक मराठी कुटुंबांच्या माहेरी आणि सासरी, हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद केली, आणि त्या विळ्यावरूनच इंग्रजी नाव पडले. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते. ही पेशी कडक होऊन वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर मरते. मग हातपाय आणि सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, डोळे पिवळे पडतात, साधा संसर्गही जिवावर बेततो.

शाळेला हा आजार हजेरीपटावर भेटतो. एखादी मुलगी महिन्यातून चार-पाच दिवस येत नाही. थंडी पडली की गैरहजेरी वाढते. खेळाच्या तासाला ती कडेला बसते, आणि मैत्रिणी तिला आळशी म्हणतात. गुरुजी पटावर लाल शाईने खूण करतात, पालकांना निरोप जातो, आणि 'पोटात दुखत होते' असे उत्तर येते. घरात आजार ठाऊक असतो. सांगितला तर मुलीचे लग्न जमणार नाही, ही भीती उत्तरापेक्षा मोठी असते. म्हणून मुलगी दुखणे सोसते आणि आळशीही ठरते. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने तिच्या वेदनांचे हल्ले कमी होऊ शकतात; पण आजाराचे नावच उच्चारले नाही तर ते औषध तिच्यापर्यंत पोचणार कसे?

या आजाराचा हिशेब समजायला गणिताची पदवी लागत नाही. सदोष जनुक एकाच पालकाकडून आले तर मूल 'वाहक' होते. वाहक बहुधा निरोगी असतो, शाळेत धावतो, कारखान्यात पाळी करतो, आणि त्याला आयुष्यभर काही कळत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या निरोगी व्यक्तीशी झाले तर त्यांच्या पोटी आजारी मूल जन्मत नाही. फार तर ते वाहक असेल. म्हणजे वाहकाने लग्न करू नये असे कोणीही म्हणत नाही. दोन वाहकांची गाठ पडण्यापूर्वी दोघांनाही ते माहीत असावे, एवढेच म्हणणे आहे. रायपूरला या आजारासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर पहिली चाचणी होते. तिच्यात संशय आला तर पुढची चाचणी निश्चित उत्तर देते.

येथे कोणी शहामृग नाही. कोणाच्या भावाला काय झाले, कोणाच्या मावशीचे मूल कशाने गेले, हे दोन्ही घरांना ठाऊक असते, निदान कुजबुज कानांवर आलेली असते. तरी बैठक बसते. पोह्यांच्या बशा फिरतात, मुलाच्या नोकरीची चौकशी होते, मुलीच्या स्वयंपाकाची होते, पत्रिका काढल्या जातात आणि छत्तीस गुणांपैकी किती जुळले ते मोठ्याने वाचले जाते. रक्ताच्या तपासणीविषयी कोणी विचारत नाही, कारण विचारणारे घर संशयी ठरेल आणि ज्याला विचारले ते घर बदनाम होईल. ज्या मुलाची किंमत ठरत असते ते अजून जन्मलेले नसते. बैठकीत त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

समोर बसलेल्या दहावीच्या मुलामुलींच्या बैठका दहा-बारा वर्षांनी अशाच खोल्यांत होतील. तपासणीचे कार्ड पत्रिकेच्याच पाकिटात ठेवता येते, आणि ते आधी बाहेर काढायला दोघांपैकी कोणाचीही हरकत नसावी. सिकलसेल तपासणी सरकारी रुग्णालयात होते. शाळेच्या आरोग्य तपासणीच्या दिवशी पालकांनी संमतिपत्रावर सही केली तर शाळेतूनही नमुना पाठवता येतो. कार्यालयात ती संमतिपत्रे ठेवलेली आहेत.